साडेपाचवी पट्टी

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (आडवं होऊन घालायचा होता, पण या खोलीत तसं केलं तर डोकं कपाटाखाली आणि पाय जिन्यात जातात. जे केलं नाही ते पत्रात लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय, म्हणून 'वाकून' एवढंच लिहिलं. लिहिण्याआधी खरोखर वाकले होते.) मामींनाही नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारणार होते, पण तुम्ही म्हणाल 'बरी आहे', मामी म्हणतील 'बरी कुठे आहे', आणि मी इथे दोघांच्या उत्तरांची सरासरी काढत बसेन. तेव्हा फक्त हाताचं विचारते. डावं मनगट आता किती वळतं? पेला धरता येतो का? आणि अंगठे कसे आहेत? (अंगठ्यांची चौकशी कोणी करत नाही हे मला माहीत आहे. कारण आहे, पण ते क्रमाने येईल.) मी ठीक आहे. आईही ठीक आहे. दर रविवारी फोनवर ती मला सांगते की मी फार विचार करते, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत मी त्याचा विचार करते.

पत्राचं कारण अगदी लहान आहे. मला एक शंका आहे आणि ती दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखी नाही. एखादी चाल वाजवायला घेतली आणि तिच्यातला एक स्वर आपल्या वाद्यात मुळातच नसला, तर तो गाळून पुढे जाणं ही लबाडी होते का? फोनवर विचारलं असतं. पण पंपघराच्या पायऱ्यांवरून घसरल्यापासून गेले आठ महिने तुम्ही फोनवर 'छान, छान, चालू दे' एवढं म्हणता आणि फोन मामींच्या हातात देता. या आठ महिन्यांत तुम्ही माझ्याशी एकूण किती शब्द बोललात ते मी मोजलेलं नाही. (मोजलंय. पण लिहीत नाही.)

आता एक गोष्ट जी मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण मला सांगायचं नाही असं मामींनी आईला बजावलं होतं, आणि आईने ते मला सांगताना 'तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय' हेही सांगितलं. तेव्हा तुम्ही कृपा करून असं धरून चाला की मला काहीच कळलेलं नाही. तुम्ही गिटारच्या सगळ्या तारा सैल करून ती पेटीत घातलीत, पेटी कपाटावर चढवलीत (एका हाताने! मामी त्यावरही रागावल्या आहेत), आणि येत्या रविवारी ती शाळेच्या संगीतखोलीला देऊन टाकणार आहात, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. त्यामुळे त्याबद्दल मी काही बोलतही नाही. मी फक्त माझ्या शंकेबद्दल बोलते.

तर झालं असं. कानतपासणी केंद्रात मला दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून मॅडमनी मला एक वाद्य भेट दिलं. त्याला कलिंबा म्हणतात. वीतभर लाकडी पेटी, पोटाला गोल भोक, आणि वर लोखंडी पट्ट्या ओळीने बसवलेल्या. पट्टीचं एक टोक आडव्या दांडीखाली दाबलेलं, दुसरं मोकळं. ते मोकळं टोक अंगठ्याने खाली दाबून सोडायचं की घरंगळलेल्या थेंबासारखा आवाज येतो. बोटांनी पेटी नुसती धरायची असते. ती ताठ असली तरी चालतात. (हे आपलं सहज लिहिलं.) मॅडम म्हणाल्या, "घे, यात चुकायला जागाच नाही, सतराच पट्ट्या आहेत." यावरून दोन वर्षांत मॅडमना माझी पुरती ओळख झालेली नाही हे माझ्या लक्षात आलं. सतरा जागी चुकता येतं म्हणजे पुष्कळ झालं की. शिवाय या पट्ट्या सरळ ओळीने चढत नाहीत. सगळ्यात लांब पट्टी मधोमध, ती एक. दोन तिच्या डावीकडे, तीन उजवीकडे, चार पुन्हा डावीकडे. साधं एकापासून आठपर्यंत जायचं तर दोन्ही अंगठ्यांनी भांडणात उत्तराला प्रत्युत्तर द्यावं तसं डावं-उजवं करत राहावं लागतं. माझा डावा अंगठा मुळात भिडस्त आहे. तो उजव्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो, आणि मग त्याची पाळी गेलेली असते.

काय वाजवायचं हा प्रश्नच नव्हता. त्रैराशिकाची चाल. (तिचं खरं नाव परक्या भाषेतलं आणि लांबलचक आहे, हे मला आत्ता कळलं. मी ते तळहातावर लिहून आणलं आणि हात धुतले.) तुम्ही पहिली पाळी संपवून साडेतीनला घरी यायचात, हातपाय धुऊन खिडकीशी गिटार घेऊन बसायचात, समोरच्या पाटावर वही ठेवून मी त्रैराशिकं सोडवायची, आणि ती सुटेपर्यंत तुमची ती एकच चाल चालायची. दमा होता म्हणून डॉक्टरांनी मला नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेच्या धुळीत पाठवायचं नाही असं सांगितलं, आणि तुम्ही तिघांनी घरातच शाळा काढलीत. मामी वाचन आणि अक्षर, आई कामावरून आल्यावर भूगोल, तुम्ही गणित. तीन शिक्षक आणि एक विद्यार्थिनी. चार वर्षं मी वर्गात पहिली आले, आणि चारही वर्षं मला धास्ती की शेवटचीही मीच आहे. काळजी करायचं शिक्षण बहुतेक तेव्हाच पुरं झालं. एक उत्तर लिहायचं, खोडायचं, तेच पुन्हा लिहायचं, म्हणून तुम्ही मला खोडरबर म्हणायचात. इथे मला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. (मारावी असं म्हणत नाही. नुसतं कळवलं.)

पहिल्याच दिवशी कळलं की गिटारवरची चाल कलिंबावर आणायची म्हणजे चार माणसांचं बिऱ्हाड एका खाटेवर झोपवायचं. तुमचा अंगठा खालच्या तारांवर संथपणे येरझारा घालायचा आणि वरची बोटं आपल्या तोऱ्यात चाल म्हणायची. माझ्याकडे माणसं दोनच, तीही दोन्ही अंगठे. चाल धरली तर खालचे स्वर सुटतात, खालचे धरले तर चाल पळून जाते. शेवटी खालचे स्वर मी मनातल्या मनात म्हणायचं ठरवलं. मग नखं. नख वाढवलं तर पट्टीत अडकून तुटतं, कापलं तर अंगठ्याचं मांस पट्टीवर घासून फोड येतो. दुसऱ्या आठवड्यात माझ्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्ट्या होत्या. केंद्रात मी माणसांच्या कानांवर हेडफोन नीट बसवते, तेव्हा प्रत्येक जण विचारायचा, "बाई, काय झालं हो?" खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगितलं तर कुणाला पटत नाही, अशा पेचात मी 'वाद्य लागलं' असं सांगत असे. एका आजींनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की मुली, तो कोण वाद घालणारा आहे त्याला सोडून दे.

घरी सराव करायची सोय नाही. भिंती पातळ आहेत; शेजारचे कॅलेंडरचं पान उलटतात तेव्हा मला महिना कळतो. म्हणून मी केंद्रातल्या तपासणीच्या खोलीत सराव करायचं ठरवलं. ही खोली म्हणजे जाड गादीचं अस्तर लावलेला, माणूसभर उंचीचा खोका. त्यात तपासायच्या माणसाला बसवतात, बाहेरून मी यंत्रातून बारीकबारीक आवाज सोडते, आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. आत बाहेरचं काही येत नाही, आतलं बाहेर जात नाही. मॅडमची परवानगी काढली (दोनदा, पहिल्यांदा त्या फोनवर बोलत होत्या, त्यामुळे ती धरावी की नाही याची मला खात्री नव्हती), आणि जेवणाच्या सुट्टीत आत जाऊन दार लावून बसू लागले.

एक मात्र विसरले. आतला माणूस बोलला तर मला बाहेर ऐकू यावं म्हणून खोक्यात एक माइक असतो, आणि माझ्या टेबलावर त्याचा स्पीकर. त्या दिवशी सकाळी एक फार हळू बोलणाऱ्या बाई आल्या होत्या, म्हणून मी स्पीकर पार चढवून ठेवला होता. वीस मिनिटं मन लावून वाजवून मी दार उघडलं. समोर दुपारच्या वेळेला लवकर आलेले चार जण बाकावर ओळीने बसले होते आणि चौघांचीही बोटं वर होती. शहाण्या मुलांसारखी. नेहमीचीच माणसं ती. आवाज आला की बोट, एवढं त्यांच्या अंगात मुरलेलं. यंत्र कुठेय, हेडफोन कुठेय, याची कुणाला फिकीर नाही. शेवटचा स्वर विरला तशी एकेक बोट खाली आली. कडेला बसलेले निवृत्त ड्रायव्हरकाका (डावा कान गेलाय असं दोन वर्षं सांगतात, आणि तपासणीत तो कुठेच गेलेला दिसत नाही) मोठ्यांदा म्हणाले, "बाई, सगळं ऐकू आलं. तीन ठिकाणी मात्र काहीच आलं नाही. माझा कान गेला की तुमचं काही गेलं?"

मामा, गेलं होतं ते माझंच. कारण तीन ठिकाणी खरोखरच काही नव्हतं.

तो स्वर या वाद्यात नाही. पाचवी पट्टी आहे, सहावी आहे, आणि चालीला त्यांच्या मधलं हवं असतं. गिटारवर बोट एक पडदा पुढे सरकवलं की मिळतं. इथे पट्टीच नाही, सरकणार कुठे? मी त्याला साडेपाचवी पट्टी म्हणते. (अपूर्णांक तुम्हीच शिकवलेत, पंपाचा दट्ट्या अर्धा उतरला तर पाणी किती, त्या उदाहरणात.) चालीत ती तीनदा येते, आणि तीनही वेळा मी तिथे श्वास रोखून एक क्षण गप्प राहून पुढे जात होते, आणि कुणाला कळणार नाही असं समजत होते. ते कळलं कुणाला, तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना. मी काकांना म्हटलं की कान शाबूत आहे, स्वरच नाही. ते म्हणाले, हे माझ्या सुनेसमोर मात्र बोलू नका. मग मला वाटायला लागलं की माझी चाल ऐकल्यामुळे चौघांचे कान आधीच सावध झाले असतील आणि तपासणी खोटी येईल, म्हणून ते मॅडमना सांगितलं, आणि चौघांनाही अर्धा तास थांबवून मग तपासलं. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून दारावर पाटीच लावते, कानतपासणी व करमणूक." पण सराव बंद कर म्हणाल्या नाहीत. माइक बंद कर म्हणाल्या.

मग मी साडेपाचवीच्या मागे लागले. वाद्याबरोबर एक चिमुकली हातोडी येते. पट्टी मागे ठोकली की स्वर चढतो, पुढे ठोकली की उतरतो. पाचवी मागे ठोकून साडेपाचवी केली. झकास झाली. पण मग साधी पाचवी उरली नाही, आणि ती चालीत अकरा वेळा लागते. पुन्हा पुढे ठोकली. जास्त ठोकली गेली, सव्वाचार झाली. वरच्या सप्तकात आणखी एक पाच आहे, ती चढवून पाहिली. त्याने असं झालं की एखाद्या सभ्य माणसाने शोकसभेत बोलताना मधेच किंचाळावं. घरमालकीणबाईंनी एकदा वर येऊन विचारलं की भिंतीत खिळे ठोकतेस का. मी म्हटलं, नाही हो, स्वर ठोकतेय. त्या खोलीभर नजर फिरवून खाली गेल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

आईला फोन केला. ती म्हणाली, "एक स्वर गाळलास तर कुणी पोलिसात देणार आहे का? आणि एवढंच आहे तर मामाला विचार ना सरळ." मी म्हटलं, मामा आता गिटारबद्दल बोलत नाहीत. आई म्हणाली, "बोलत नाही म्हणजे विचारायचं नाही असं कोणी सांगितलं तुला?"

तरी धीर झाला नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मास्तर गिटार शिकवतात. सहा मुलं एकच धडा सहा वेगांनी वाजवतात, आणि मास्तर मधे बसून सातव्या वेगाने वर्तमानपत्र वाचतात. तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी क्लास सुटल्यावर मी वाद्य पिशवीत घालून गेले. आधी माफी मागितली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं, तर ते मला नीट सांगता आलं नाही. "बरं, बसा. वाजवा," एवढं म्हणाले. मी त्रैराशिकाची चाल वाजवली, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुम्ही वाजवायचात तशी. मास्तरांनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, चांगलं बसवलंय. एक स्वर नाही, तो वाद्याचा दोष, तुमचा नाही. "पण मधे मधे दार कोण ठोठावतं?"

मी म्हटलं, ते चालीतलंच आहे. कारण मला तसं वाटत होतं, मामा! तिन्ही ठिकाणी, साडेपाचवी पट्टी झाली की जरा थांबायचं आणि गिटारच्या पोटावर दोनदा टकटक करायचं. तुम्ही करायचात, रोज, न चुकता. काकांनी ऐकलं तेव्हा माझं ते अजून बसलं नव्हतं; आता मी अंगठा उचलून पेटीच्या लाकडावर ते करत होते, आणि त्यासाठीच मला जास्त सराव लागला होता, कारण टकटक करून अंगठा वेळेवर परत येत नाही. (तिसऱ्या टकटकीनंतर तुम्ही खोकायचातही. ते मात्र मी घेतलं नाही. मला तेव्हाच त्याबद्दल संशय होता.) मास्तर म्हणाले, नाही हो. मी म्हटलं, आहे. इतक्या ठामपणे मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. मास्तर उठले, कपाटातून छापील वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. टकटक नव्हती. थांबायचंही नव्हतं. साडेपाचवीवरून चाल सरळ पुढे जात होती, कुणासाठी न थांबता. मास्तरांनी ती वाजवून दाखवली. अचूक होती. मला मुळीच ओळखीची वाटली नाही.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला कळलं. तुम्ही टकटक करायचात ती माझ्यासाठी. तो स्वर आला की माझी पेन्सिल थांबायची. दर वेळी, त्याच जागी. हिशेब सोडून मी वर बघत राहायचे, आणि तुम्ही गिटारवर दोनदा वाजवून वहीकडे बोट दाखवायचात, की बाईसाहेब, खाली बघा. चार वर्षं रोज तीनदा. मी ती चाल दटावणीसकट पाठ केली, मामा. आणि जी जागा ऐकून माझी पेन्सिल थांबायची, नेमकी तीच या वाद्यात नाही. जिन्यात मी जरा वेळ उभी राहिले. घरमालकीणबाई खालून म्हणाल्या, काही हरवलं का? मी म्हटलं, नाही, सापडलं. (त्यांचं माझ्याबद्दलचं मत आता कायमचं झालं आहे.)

तेव्हापासून बरोबर वाजवायचा प्रयत्न करते आहे, टकटक न करता. होत नाही. त्या जागी आलं की अंगठे आपोआप थांबतात आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघतात. हे मी मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, जे ते मुलांसाठी ठेवत नाहीत. म्हणाले, "टकटक राहू द्या. आणि ती चाल एकट्यानेच वाजवायची असं कुठे लिहिलंय? तो स्वर दुसऱ्याच्या हातात द्या."

म्हणून मी एक लहान कलिंबा आणला, आठ पट्ट्यांचा, आणि त्याची एक पट्टी ठोकून साडेपाचवी केली. आता स्वर होता, पण अंगठे संपले होते. मोठा वाजवता वाजवता छोट्याकडे जायला वेळ मिळत नाही. पेन्सिल दातात धरून वाजवून पाहिलं. पेन्सिलीची चव अजून तोंडात आहे. पायाच्या अंगठ्याने पाहिलं. खुर्ची मागे गेली. (लागलं नाही. आईला सांगू नका.) ड्रायव्हरकाकांना एकदा बसवलं, तर ते प्रत्येक स्वराला बोट वर करायचे आणि वाजवायचं विसरायचे. मास्तर स्वतः बसले, पण ते वहीप्रमाणे वाजवतात. ते थांबत नाहीत. कुठे थांबायचं हे त्यांना माहीत नाही, आणि सांगून समजण्यासारखं ते नाही. ते माहीत असलेली माणसं जगात दोनच आहेत, आणि त्यातली एक मी.

असो. फार लांबलं. माझी शंका एवढीच की नसलेला स्वर गाळावा की नाही. तुमचं मत सवडीने कळवा, घाई नाही. हाताला जपा. मामींना सांगा की अक्षर बिघडलंय ते चिकटपट्ट्यांमुळे, मी काही विसरलेली नाही.

तुमच्या शाळेची एकुलती एक विद्यार्थिनी,
खोडरबर

ता. क. वर 'घाई नाही' असं लिहिलंय ते चुकीचं आहे. हे पत्र गुरुवारी तुम्हाला मिळेल आणि त्यानंतर लगेच रविवार येतो. (रविवारी काय आहे ते मला अर्थातच माहीत नाही.)

आणखी ता. क. पत्रापाठोपाठ एक पार्सल येईल. त्यावर मी 'मामींसाठी स्वेटर' असं लिहिलं आहे. स्वेटर आहेच, पण त्याच्या पोटात छोटा कलिंबा आहे, आणि तो मामींसाठी नाही. पोस्टातल्या बाईंना मी खिडकीवर हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या चालतं, पुढे सरका. त्याच्या एका पट्टीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय. ती साडेपाचवी. बाकीच्या सात पट्ट्यांशी तुमचं काही काम नाही. तो टेबलावर ठेवून वाजतो, धरावा लागत नाही. एकच अंगठा लागतो, उजवा असला तरी चालतो, आणि तोही पूर्ण चालीत तीनदाच. इतकं कमी काम मी तुम्हाला कधीच सांगितलं नसेल.

शेवटचं ता. क. शनिवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. साडेतीनपर्यंत पोचेन. गिटारचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण चाल एकदा होईपर्यंत ती कपाटावरून हलवू नका एवढंच. टकटक मात्र तुम्हीच करायची. मी स्वतःच करून पाहिली. काही उपयोग होत नाही, पेन्सिल थांबलेलीच राहते. जमण्यासारखं नसेल तर तसं कळवा, मला मुळीच वाईट वाटणार नाही. (हे मागचं वाक्य खोटं आहे. खोडायला गेले, पण पत्र पेनाने लिहिलं आहे.)